‘तिसरी खाण’मधला ड्रम कोणाचा?

पेर्निक, ९ सप्टेंबर १९९८

श्री. स्विलेन कराजोव, बुर्गास, यांस,

वर नमस्कार लिहायचा राहिलेला नाही, मुद्दाम गाळला आहे.

‘काजळी-वार्ते’च्या ताज्या अंकात तुमचा लेख वाचला. ‘पांढरी काजळी’ बँडच्या चाहत्यांचं हे झेरॉक्स पत्रक मी पहिल्या अंकापासून घेते. त्यात मूर्खपणा बराच छापून येतो, पण इतक्या थाटात आजवर कोणी केला नव्हता. तुम्ही लिहिता, ‘तिसरी खाण’ या गाण्याचं जे रीमिक्स १९८७ साली जर्मनीतल्या डिस्कोंसाठी झालं आणि कधीच बाजारात आलं नाही, त्याची टेप तुमच्या हाती लागली आहे. लागली असेल. बेवारस वस्तू कोणाच्या ना कोणाच्या हाती लागतातच. पण पुढे लिहिता, ‘ब्लागोयने आयुष्यात वाजवलेला सगळ्यात सुंदर ड्रम या टेपवर आहे.’

महाशय, त्या टेपवर ब्लागोयचा एक ठोकासुद्धा नाही. ते मशीन आहे. बटण दाबलं की टपटप वाजणारा डबा. ब्लागोयला न विचारता त्याच्या जागी तो डबा बसवला, म्हणून तो स्टुडिओतून उठून गेला आणि बँड फुटला. आमच्या पेर्निकमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

माणसाला जिथून हाकलून दिलं, तिथेच त्याची आरती ओवाळणं याला काय म्हणतात ते तुम्हीच ठरवा. पुढच्या अंकात दुरुस्ती छापा.

तेमेनुगा रांगेलोवा


बुर्गास, १७ सप्टेंबर १९९८

तेमेनुगाबाई,

पेर्निकची माणसं बोलायच्या आधी मारायला लोखंडी अँगल उचलतात असं ऐकून होतो. तुम्ही तो पाकिटात घालून पाठवलात. पोस्टाने तो पोचवला, याचं कौतुक वाटतं.

मी दातांचा कारागीर आहे. कवळ्या बनवतो. दर गुरुवारी संध्याकाळी इथल्या रेडिओवर तासभर गाणी लावतो. बेवारस टेपा उचलत हिंडणारा माणूस मी नव्हे. ही टेप मला इलारिओनकाकांनी स्वतःच्या हाताने दिली. ‘पांढरी काजळी’च्या सगळ्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण त्यांनीच केलं, हे तुमच्या शेंबड्या पोरांना ठाऊक असेलच. म्हातारपणी ते इथे समुद्रावर राहायला आले होते. त्यांची खालची कवळी मी केली. ती तोंडात घालून त्यांनी पहिलं सफरचंद खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आले. म्हणाले, ‘स्विलेन, ब्लागोय असा पुन्हा कधी वाजला नाही.’ काका मागच्या वसंतात गेले. म्हणजे आता मी कोणावर विश्वास ठेवायचा? टेप बनवणाऱ्या माणसावर, की पेर्निकच्या कोणा बाईवर, जिला टेप मिळाली नाही म्हणून पोटात दुखतंय?

कारण दुखणं तेच आहे, नाही का? मी असे संग्राहक पुष्कळ पाहिलेत. आपल्याकडे नाही ती वस्तू खोटी!

बाकी ब्लागोयचं म्हणाल, तर तो बिचारा कॅनडात ट्रक चालवतो. खात्रीची बातमी आहे. इथे असता तर त्यानेच तुमचे कान उपटले असते.

स्विलेन कराजोव

ता. क. दुरुस्ती छापणार नाही. तुमचं पत्र मात्र छापायला दिलं आहे.


पेर्निक, २८ सप्टेंबर १९९८

कराजोव,

आता ‘श्री.’सुद्धा गाळते.

माझं खाजगी पत्र पत्रकात छापलंत आणि वर मथळा दिलात, ‘पेर्निकहून अँगल’. वा! आमच्या कारखान्यात आम्ही पोस्टमन आणि पोलिसांचे गणवेश शिवतो. जेवणाच्या सुट्टीत तो अंक माझ्या टेबलावर कोणीतरी उघडा ठेवला होता, शेजारी एक गंजका अँगल ठेवून. हसल्या सगळ्या.

ऐका. रविवारी आम्ही बाल्कनीत मिरच्या भाजत होतो. जिथे अख्ख्या बिल्डिंगीच्या मिरच्या एकाच वेळी भाजल्या जातात, तिथे गुपित राहत नाही, म्हणून आवाज उतरवून सांगते. माझ्या शेजारी जो माणूस मिरच्या सोलत होता, तो त्या दिवशी स्टुडिओत होता. मी तुमच्या कॅनडाच्या ट्रकबद्दल वाचून दाखवलं. तो हसला नाही. बोटांना चिकटलेली काळी सालं पुसली आणि म्हणाला, ‘त्यांनी मला काचेपलीकडे उभं केलं नि टेप चालू केली. ड्रमच्या जागी मशीन. रोसेन काचेमागे हसत होता.’ एवढं बोलून आत गेला. मिरच्या करपल्या.

कोण तो माणूस, हे विचारू नका. सांगायचं असतं तर सांगितलं असतं.

आणि तुमच्या लेखात गायक रोसेनवर उधळलेली फुलं वाचून अंक भिरकावला होता. ‘मित्रांना धरून ठेवणारा दिलदार नेता’! रोसेन काय होता नि काय नाही, हे तुमच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.

तेमेनुगा रांगेलोवा


बुर्गास, ८ ऑक्टोबर १९९८

तेमेनुगाबाई,

‘माझ्या शेजारचा एक माणूस म्हणाला.’ आमच्या बाजारात मासळीवाल्या याहून बरे पुरावे देतात.

गेल्या गुरुवारी मी ‘तिसरी खाण’चं रीमिक्स रेडिओवर लावलं, अख्खंच्या अख्खं. तुमची पत्रंही वाचून दाखवली (पुन्हा चिडाल, चिडा). किती फोन आले सांगू? एक बंदरातला क्रेनवाला रडत होता. एक फोन मात्र तुमच्या बाजूचा होता. कोणी एक पोरगं म्हणालं, ‘मशीनच आहे.’ मी विचारलं, ‘पुरतं ऐकलंस का?’ म्हणालं, ‘नाही, सुरुवातीलाच बंद केलं.’

तर घ्या. यासोबत टेपची नक्कल पाठवतो आहे. माझी मूळ टेप मी कोणाला हात लावू देत नाही, पण नक्कल स्वच्छ आहे. सुरुवात ऐकून निकाल देऊ नका. मध्ये गाणं थांबतं, सगळं शांत होतं, मग ड्रम एकटा उठतो. तिथून पुढे ऐका. एवढं ऐकूनही ‘डबा’ म्हणालात, तर तुमच्या कानांत कवळी बसवावी लागेल आणि ते काम मी करत नाही.

ऐकलंत की माफीचं पत्र लिहा. ते मी छापणार नाही, वचन देतो. फ्रेम करून दुकानात लावेन.

स्विलेन कराजोव


पेर्निक, १९ ऑक्टोबर १९९८

कराजोव,

तो तुमच्याकडे आला आहे का?

तुमचं पार्सल आलं तेव्हा मी दुसऱ्या पाळीला होते. ते ब्लागोयने उघडलं. हो, ब्लागोयने. तो कॅनडात नाही, ट्रक चालवत नाही. पेर्निकमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो आणि माझा नवरा आहे. बँडच्या कव्हरांवर कोणाचं आडनाव नसायचं, म्हणून आम्हाला इतकी वर्षं शांतता मिळाली. ती तुम्ही एका कॅसेटीत घालून संपवलीत.

घरी आले तर टेबलावर चिठ्ठी होती, ‘मूळ टेप ऐकायला जातो.’ टेपरेकॉर्डर उघडा, आत कॅसेट नाही. आठवडा होत आला. फोन नाही, तार नाही. तुमच्या पाकिटावरचा पत्ता फाडून नेला आहे.

माझ्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं, तर बुर्गासला येऊन मी स्वतः तुमचे सगळे दात काढीन. मग बसा स्वतःची कवळी करत.

तेमेनुगा


बुर्गास, २३ ऑक्टोबर १९९८

तेमेनुगाबाई,

तो इथे आहे. सुखरूप आहे. शेजारच्या खोलीत माझ्या आईबरोबर पत्ते खेळतो आहे आणि जिंकतो आहे.

तुम्ही सांगितलं असतंत तर… पण नाही, मीच तुम्हाला सांगू दिलं नसतं, हेही खरं. तरी नवऱ्याला मिरच्या सोलणारा ‘एक माणूस’ म्हणणं याला काय म्हणायचं?

झालं ते असं. गेल्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी दुकानाच्या दारात एक उंच माणूस उभा राहिला. ओला कोट, हातात काही सामान नाही. मी म्हटलं, ‘दात?’

‘दात ठीक आहेत,’ तो म्हणाला. ‘स्विलेन तूच ना? मी कॅनडाहून आलोय.’

मी हातातली कवळी खाली ठेवली.

‘ट्रक खाली लावलाय,’ तो म्हणाला. ‘टेप कुठाय?’

तेव्हा मी ओळखलं. बाई, माझ्या खोलीत या माणसाचा फोटो माझ्या सोळाव्या वर्षापासून आहे, आणि तो समोर आला तर मी त्याला दात विचारले!

घरी नेलं. मी म्हटलं, ‘मी पाठवली ती नक्कल अगदी हुबेहूब आहे.’ तो म्हणाला, ‘नकलेत काहीही घुसडता येतं. मूळ लाव.’ लावली. सुरुवातीला मान हलवत होता, आपल्याकडे नकाराला हलवतात तशी वर-खाली. ‘हे मशीन. हेही मशीन. ऐक, हे कुत्र्याच्या शेपटीसारखं आपटतंय ना, मशीन.’ माझा चेहरा पडला. तुमचं खरं होतं. इलारिओनकाकांनी म्हातारपणी मला थाप मारली, असं वाटून मी टेप बंद करायला हात पुढे केला. त्याने माझं मनगट धरलं.

गाणं थांबलं. मग तो ड्रम उठला.

त्याने आवाज वाढवला. संपल्यावर म्हणाला, ‘पुन्हा.’ मग पुन्हा. माझी आई दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, ‘हा मी आहे. त्या दिवशी सकाळी हात मोकळा करायला वाजवलं होतं. कोणी रेकॉर्ड करतंय हेही मला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याने ते धरून ठेवलं आणि इथे आणून बसवलं.’

मी म्हटलं, ‘मग तुम्ही भांडलात कशावरून?’

‘मी पहिलं कडवं ऐकलं आणि दार आपटून निघालो,’ तो म्हणाला. ‘रोसेन हाका मारत जिन्यावरून मागे आला होता. मला वाटलं, चिडवायला येतोय. मी पुरतं ऐकलंच नाही रे, पोरा.’

मग त्याने पाव मागितला. सोबत काही नको म्हणाला. कोरडा पाव खात खिडकीतून समुद्राकडे बघत बसला.

म्हणजे तुम्हीही बरोबर आणि मीही बरोबर. हे मान्य करताना माझी जीभ चावली जाते आहे. पुढच्या अंकात छापू का? तुमची परवानगी असेल तर.

स्विलेन


पेर्निक, ३० ऑक्टोबर १९९८

कराजोव,

छापा. लाउडस्पीकर लावून ओरडा. मला आता काय!

‘तुम्हीही बरोबर आणि मीही बरोबर’ म्हणे! लॉटरी लागल्यासारखे आनंदाने लिहिता. ‘पहिलं कडवं ऐकलं आणि निघालो’ हे वाक्य तुम्ही मला सहज लिहून टाकलंत. त्याची किंमत ऐका. रोसेन माझा भाऊ आहे. सख्खा.

बँडचा जन्म आमच्याच तळघरात झाला. माझ्या भावाने ज्याला घरी आणलं, त्या ड्रमवाल्याशी मी लग्न केलं. त्या दिवशी ब्लागोय घरी आला नि म्हणाला, ‘तुझ्या भावाने मला पुसून टाकलं.’ मी विचारलं नाही, कसं पुसलं, किती पुसलं. नवरा सांगतो ते खरं धरलं. रोसेन आमच्या दारापर्यंत आला होता. मी साखळी लावून आतूनच म्हटलं, ‘चालता हो.’ तो म्हणाला, ‘तेमे, त्याला पुढचं ऐकायला सांग.’ मला वाटलं, पुढचं म्हणजे त्याची बाजू. वडील गेले तेव्हा आम्ही भाऊ-बहीण खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो. मृताच्या नावाने उकडलेला गहू वाटला, तोही मी त्याच्या हातून घेतला नाही.

आणि हे ऐकून घ्या, तुमच्या फ्रेममध्ये लावा हवं तर. ती टेप मी कधी ऐकलीच नाही. तुमच्याशी भांडले ते सगळं ब्लागोयच्या शब्दावर. तुम्ही ऐकलंत, क्रेनवाल्याने ऐकलं, फोनवरच्या पोराने सुरुवात तरी ऐकली. जिचं घर त्यावरून फुटलं, तिच्या कानांवर एक ठोका आलेला नाही, कारण तुमची नक्कल तो खिशात घालून घेऊन गेला!

ठेवा त्याला तुमच्याकडेच. तुम्हाला हवा होता ना ब्लागोय? घ्या, मूळ प्रत आहे, नक्कल नाही.

तेमेनुगा


बुर्गास, १२ नोव्हेंबर १९९८

तेमेनुगाबाई,

हात जोडतो. याला घेऊन जा.

माझी चेष्टा करायची तर करा, मी पात्र आहे. तो माझ्या सोफ्यावर झोपतो आणि माझी सिगारेट ओढतो. माझ्या रेकॉर्डींचा संग्रह चाळून म्हणाला, ‘यातल्या निम्म्या फेक.’ दुकानात येऊन बसतो आणि प्लास्टरच्या जबड्यांवर दोन चमच्यांनी वाजवतो. एका गिऱ्हाइकाच्या वरच्या जबड्याचे दोन तुकडे झाले. गुरुवारी त्याला रेडिओवर नेलं. मी प्रश्न विचारत होतो, आणि तो मला म्हणतो, सगळ्या बुर्गासच्या देखत, ‘पोरा, तू बोलतोस फार. गाणं लाव.’ लोकांनी फोन करून सांगितलं, आजचा कार्यक्रम पहिल्यांदाच बरा झाला.

आई तर त्याच्यावर लट्टू. मला तिने आयुष्यात भरल्या मिरच्यांचा दुसरा घास आग्रहाने वाढला नाही. त्याला तिसरा वाढते.

आणि तो घरी का येत नाही, तर घाबरतो. तुमचं मागचं पत्र मी त्याला दिलं. (तुमची परवानगी न घेता. आता आणखी काय काढणार आहात, दातांबद्दल आधीच बोलून झालंय.) त्याने ते उभ्याने वाचलं. मी म्हटलं, ‘ब्लागोयदादा, जा ना घरी.’ म्हणाला, ‘कोणत्या तोंडाने? तिने माझ्यासाठी भाऊ सोडला. आणि मला तर एक गाणं शेवटपर्यंत ऐकायचाही धीर निघाला नाही.’ त्या दिवशी त्याने काहीच वाजवलं नाही. चमचे ओट्यावर पडून होते. ती शांतता मला वाजवण्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटली, हे मी तुम्हाला सांगतो आणि त्याबद्दल माझाच राग येतो.

तुम्ही या. टेप इथेच आहे. बसून ऐका. मी घराबाहेर जाईन हवं तर.

स्विलेन


पेर्निक, २ डिसेंबर १९९८

स्विलेन,

तुमच्याकडे टेप ऐकून ब्लागोयला घेऊन निघाले, त्या दिवशी तुम्ही स्टेशनवर विचारलंत, ‘कसं वाटलं?’ आणि मी उत्तर न देता गाडीत चढले, म्हणून तुम्ही रागावला आहात असं तुमची आई फोनवर म्हणाली. रागवा. तुमच्या घरात, तुमच्या खुर्चीत बसून, दाराआड तुम्ही कान लावून उभे असताना मी मत देणार नव्हते. दाराखालून तुमच्या चपला दिसत होत्या.

आता देते. मी पांढऱ्या काजळीची पहिली श्रोती आहे, तळघरातल्या कोळशाच्या ढिगावर बसून ऐकलेली. तेव्हा माझ्या शब्दाला वजन आहे असं समजा.

रीमिक्स भिकार आहे.

मशीनचा भाग भिकार आहे हे तर झालंच. पण शेवटचा भाग, तुमचा नि क्रेनवाल्याचा तो दैवी भाग, तोही गाण्यात बसत नाही. ड्रम सुंदर आहे. माझ्या नवऱ्याने तसा खरंच पुन्हा वाजवला नाही. पण गाणं तिकडे आणि ड्रम इकडे. लग्नाच्या मांडवात कोणीतरी एकटाच येऊन रडून गेल्यासारखं. मूळ ‘तिसरी खाण’ शंभर पट बरी. अशा गाण्यापायी इतकी वर्षं घालवली, हे कळल्यावर मला तिथेच तुमचा टेपरेकॉर्डर खिडकीबाहेर टाकावासा वाटला. तुमच्या आईकडे बघून हात आवरला.

गाडीत ब्लागोय समोर बसला होता. कार्नोबात स्टेशन गेलं, स्तारा झागोरा गेलं. प्लोव्दिवच्या पुढे मी म्हटलं, ‘एक सांगू? वाईट आहे ते.’

त्याने कोटाची बटणं लावली. मला वाटलं, आता उठून दुसऱ्या डब्यात जातो. सवय आहे त्याला.

‘मलाही तसंच वाटतं,’ तो म्हणाला. ‘पहिल्याच दिवसापासून. पण त्या पोराला कसं सांगू? आणि त्याची आई इतकं करत होती.’

‘मग महिनाभर तिथे काय ऐकत होतास?’

‘मी आहे का, ते.’

समोरच्या बाकावरच्या म्हातारीने घाईघाईने आम्हाला द्राक्षं दिली. मी रडतेय असं तिला वाटलं. मी हसत होते, पण द्राक्षं घेतली.

सोफियाला उतरलो. पेर्निकची गाडी पलीकडच्या फलाटावर उभी होती. ब्लागोय तिकडे चालू लागला. मी हललेच नाही. तो परत आला. गाडी सुटली आणि आम्ही ती सुटू दिली.

रोसेन तिथेच सोफियात राहतो. त्यानेच दार उघडलं. केस पांढरे झालेत, वडिलांसारखा दिसायला लागलाय. त्याने आधी आमच्या पायांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, ‘बूट काढा. आत्ताच लादी पुसली आहे.’ घरातल्या चपला पुढे केल्या. आत बसल्यावर ब्लागोयने सांगितलं, की आता कुठे पुरतं ऐकलं. रोसेन म्हणाला, ‘आणि?’

‘भिकार आहे,’ ब्लागोय म्हणाला.

‘मग! जर्मनांनी दोनदा मागितलं, मी सही केली नाही. मला काय वेड लागलं होतं?’ आणि मग तो असा ओरडला, की त्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. ‘त्या जिन्यावर तुला हेच सांगायला येत होतो, गाढवा! भिकार आहे, आपण हे बाहेर काढायचं नाही, एवढंच!’

ते दोघं तिथून जे भांडायला लागले, ते मी निघाले तरी भांडतच होते. कोणी कोणाला आधी थांबवायला हवं होतं, मशीन आणलं कोणी, काचेमागे हसलं कोण. रोसेन म्हणतो, हसलाच नव्हता, दात दुखत होता. मला दुसऱ्या दिवशी कारखान्यात सकाळची पाळी होती. ब्लागोय म्हणाला, ‘तू पुढे हो, हे संपवून येतो.’ अजून आलेला नाही. काल रोसेनच्या बायकोचा फोन आला, की तुझा नवरा माझ्या सगळ्या पातेल्यांना पोचे पाडतोय. मी म्हटलं, पाडू दे.

यातलं एक अक्षर ‘काजळी-वार्ते’त दिसलं, तर दातांची गोष्ट अजून उभी आहे. रेडिओवर रीमिक्स लावायचंच असेल तर लावा, पण आधी सांगा, की अर्ध्यापर्यंत मशीन आहे आणि पुढे ब्लागोय आहे, आणि पेर्निकच्या एका बाईच्या मते सगळंच टाकाऊ आहे.

मला पुन्हा पत्र लिहू नका. आईंनी हवं तर लिहावं, आणि त्यांना सांगा, भरल्या मिरच्यांत भात कमी पडतो.

तेमेनुगा